मार्गारेट ब्रीन : एका स्थलांतरित मातेच्या घराण्याचा शोध



ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेसाठीं मजकूर जमवितांना मला आपल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या कपाटांतून बाहेर काढाव्या लागल्या. त्याच सुमारास आपल्यांतील एक वृद्ध गृहस्थ आपल्या आजीच्या बाप्तिस्म्याची तारीख विचारण्यास आले. वर्षाचा अंदाज त्यांना होता. आजीचें माहेरचें आडनांव मात्र घरांत कोणालाच ठाऊक नव्हतें. आम्ही दोघांनीं मिळून वही उघडली, तों नेमकीं त्या वर्षाचीं पानें वाळवीनें चाळणीसारखीं केलेलीं! म्हातारबा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं वही हलकेच मिटली, तिला हात जोडले आणि ते निघून गेले. त्या दिवसापासून माझ्या मनाला जी रुखरुख लागली, तीच ह्या लेखाचें निमित्त होय.

आपल्या धर्मग्रामाचा इतिहास ह्या पुस्तिकेंत इतरत्र आलाच आहे. मी आज एका दूरदेशच्या कॅथोलिक मातेच्या घराण्याचा शोध आपणांपुढें मांडणार आहें. ही बाई राणी नव्हती, संतपदास चढलेली नव्हती, किंवा तिनें एखादा मठही स्थापिला नाहीं. ती एका शेतकऱ्याची बायको व आठ मुलांची आई होती. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत आपला देश सोडून ती दोनदां तीनदां नव्या मुलखांत घर मांडून राहिली आणि शेवटीं पॅसिफिक महासागराजवळच्या कॅलिफोर्नियांत तिनें देह ठेविला. तिचें नांव मार्गारेट ब्रीन. माहेरचें नांव मार्गारेट बल्जर.

आयर्लंडांतील मूळ

मार्गारेटबाईंचा जन्म १८०६ च्या सुमारास आयर्लंडांत झाला. ब्रीन घराण्याचें मूळ त्या देशाच्या आग्नेय भागांतील कार्लो परगण्यांत आहे. ब्रीन व बल्जर हीं दोन्ही आडनांवें जुन्या आयरिश भाषेंतून आलेलीं असून इंग्रजी कारकुनांच्या हातीं पडल्यावर त्यांचे उच्चार व अक्षरें बदललीं. बल्जर हें आडनांव कोठें बल्जर तर कोठें बोल्जर असें लिहिलेलें सांपडतें. ज्याला जुन्या घराण्याचा शोध करावयाचा आहे, त्यानें ही पहिली गोष्ट ध्यानांत ठेवावी : अक्षर बदललें म्हणजे माणूस बदललें असें नव्हे.

आयर्लंडांत असा शोध करणें सोपें नाहीं. सरकारी दप्तरांत सर्व लोकांच्या जन्माची नोंद होऊं लागली ती १८६४ सालीं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ज्या खानेसुमाऱ्या झाल्या, त्यांचे बहुतेक कागद १९२२ सालीं डब्लिन शहरांतील सरकारी दप्तरखान्यास आग लागली तेव्हां जळून गेले. मग त्या गरीब कॅथोलिक कुळांचा मागोवा घ्यावयाचा कशावरून? ज्या वह्या दप्तरखान्यांत न जातां आपापल्या धर्मग्रामांतच राहिल्या, त्यांवरून! त्रेंतच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं प्रत्येक धर्मगुरूस बाप्तिस्म्याची व विवाहाची वही ठेवण्याची आज्ञा केली. आयर्लंडांत कॅथोलिकांविरुद्धच्या कडक कायद्यांमुळें पुष्कळ ठिकाणीं ह्या वह्या उशीरा सुरू झाल्या, तरी ज्या झाल्या त्या टिकल्या. त्या देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें त्यांचीं छायाचित्रें घेतलीं व २०१५ सालीं तीं सर्व जगास इंटरनेटवर विनामूल्य खुलीं केलीं. आज अमेरिकेंतील अथवा ऑस्ट्रेलियांतील एखादी नात आपल्या घरीं बसून पणजीच्या पणजीचें लॅटिनमध्यें लिहिलेलें नांव वाचूं शकते.

ह्या वह्यांत आणखी एक विशेष आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदींत बाळाचें नांव, बापाचें नांव, देवबाप व देवमाता ह्यांचीं नांवें आणि आईचें नांव तिच्या माहेरच्या आडनांवासह लिहिण्याचा प्रघात तेथें होता. आतां अमेरिकेची सरकारी खानेसुमारी पाहा. १८५० पूर्वीं तिच्यांत केवळ कुटुंबप्रमुखाचें नांव लिहीत. बाकीचीं माणसें वयाप्रमाणें व स्त्री-पुरुष ह्या भेदाप्रमाणें नुसत्या आंकड्यांत दाखवीत. म्हणजे नवऱ्याच्या नांवाखालीं बायको हा एक आंकडा! जगाच्या दप्तरांत जी आंकडा होती, ती ख्रिस्तसभेच्या वहींत नांवानें, आडनांवानें व आपल्या मातापित्यांची कन्या म्हणून उभी आहे. ह्यांतलें मर्म आपण ओळखावें.

कॅनडापासून आयोवापर्यंत

पॅट्रिक ब्रीन हे मार्गारेटबाईंहून सुमारें दहा वर्षांनीं वडील. १८२८ च्या सुमारास त्यांनीं आयर्लंड सोडून कॅनडाची वाट धरली. कॅथोलिकांना पार्लमेंटांत बसण्याचा हक्क अद्याप मिळाला नव्हता. तो १८२९ सालीं मिळाला. जमीन दुसऱ्याची, खंड मोठा आणि कुटुंबें वाढतीं, अशी तेथील शेतकऱ्यांची स्थिति होती. इमारती लांकूड घेऊन येणारीं जहाजें परततांना माणसें भरून नेत, म्हणून कॅनडाचें भाडें स्वस्त पडे. ब्रीन दांपत्याचें बिऱ्हाड प्रथम वरच्या कॅनडांत होतें व त्यांचा वडील मुलगा जॉन तेथेंच १८३२ सालीं जन्मला. पुढें हें कुटुंब संयुक्त संस्थानांत इलिनॉय प्रांतीं उतरलें आणि १८३५ च्या सुमारास मिसिसिपी नदीकांठच्या कीओकक गांवीं, आयोवा मुलखांत, शेती करूं लागलें. जॉनच्या पाठोपाठ एडवर्ड, पॅट्रिक, सायमन, जेम्स, पीटर आणि शेवटीं तान्ही इझाबेला अशीं सात मुलें झालीं. मुलांचीं जन्मस्थळें एका ओळींत मांडलीं कीं आईबापांची वाटचाल आपोआप दिसूं लागते. घराण्याच्या शोधाची ही एक साधी पण खात्रीची युक्ति आहे.

१८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला व महादुष्काळास आरंभ झाला. मार्गारेटबाई त्यापूर्वींच देश सोडून गेल्या होत्या. ज्या उपासमारीनें त्यांचे देशबांधव लाखोंनीं मेले ती त्यांनीं मागें टाकली होती, परंतु १८४६ च्या एप्रिलांत तीन गाड्या, बैल, गाई व मुलें घेऊन त्या कीओककहून निघाल्या, तेव्हां पुढेंही उपासमारच वाट पाहत आहे हें कोणास ठाऊक होतें?

वाट चुकलेला तांडा

कॅलिफोर्निया त्या वेळीं मेक्सिकोचा प्रांत होता. तेथें जमीन विपुल व हवा निरोगी, अशी कीर्ति पसरली होती. ब्रीन कुटुंब ज्या तांड्यांत सामील झालें तो डॉनर तांडा ह्या नांवानें पुढें सर्वत्र प्रसिद्ध झाला. तांड्यांत सुमारें ८७ माणसें होतीं. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज नांवाच्या गृहस्थानें एका जवळच्या वाटेची भलावण केली होती. त्या वाटेनें डोंगर तोडीत व मिठाचें वाळवंट तुडवीत जातां जातां ह्यांचे कित्येक आठवडे वायां गेले आणि पुष्कळ जनावरें मेलीं.

फोर्ट ब्रिजर ह्या ठाण्याजवळ एडवर्ड घोड्यावरून पडला व त्याचा पाय मोडला. पाय कापावा असें ठरून माणूस करवत घेऊन आला. मुलगा रडूं लागला, आईनें त्याची बाजू घेतली आणि त्या माणसास परत पाठविलें. पाय बरा झाला.

येथें एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. पुढच्या मजलेंत हार्डकूप नांवाचा एक वृद्ध बेल्जियन मनुष्य चालतां चालतां मागें पडला. ज्यांच्यापाशीं घोडे होते त्यांना परत जाऊन त्यास आणण्याची विनंति करण्यांत आली. त्यांपैकीं पॅट्रिक ब्रीन ह्यांनीं नकार दिला, असें तांड्यांतील विल्यम एडी ह्यांच्या सांगण्यावरून नोंदलें गेलें आहे. म्हातारा पुन्हां दिसला नाहीं. घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्यास ही नोंद झांकून ठेवण्याचा मोह होतो. परंतु पूर्वजांचे गुण तेवढे सांगून दोष पुसून टाकणें हा इतिहास नव्हे, ती स्तुति झाली. आपण कबुलीजबाब मानणारे लोक आहों. आपल्याला तरी सत्याची भीति वाटूं नये.

बर्फांतील हिंवाळा

१८४६ च्या नोव्हेंबरच्या आरंभीं सिएरा नेवाडा पर्वताची खिंड बर्फानें बंद झाली. ब्रीन कुटुंब ट्रकी सरोवराच्या कांठीं परतलें व तेथील एका जुन्या लांकडी खोपटांत शिरलें. हें खोपट दोन वर्षांपूर्वीं, १८४४ सालीं, दुसऱ्या एका तांड्यांतील तरुणांनीं बांधलें होतें. त्या तांड्यांत मर्फी नांवाचें मोठें आयरिश कॅथोलिक कुटुंब होतें. मर्फी मंडळी खिंड ओलांडून सुखरूप कॅलिफोर्नियांत पोंचली होती. ह्या योगायोगाचा धागा पुढें पुन्हां येईल.

२० नोव्हेंबर १८४६ पासून १ मार्च १८४७ पर्यंत पॅट्रिक ब्रीन ह्यांनीं रोजनिशी लिहिली. ती आज कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें बॅन्क्रॉफ्ट ग्रंथालयांत आहे. वारा कोणत्या दिशेचा, बर्फ किती, कोण मेलें, कोणाकडे खाण्यास काय उरलें, इतक्याच गोष्टी तींत थोडक्यांत लिहिल्या आहेत. मध्यें मध्यें देवाची करुणा भाकली आहे. नाताळच्या सुमारास त्यांनीं तीस दिवसांची प्रार्थना म्हणण्यास आरंभ केल्याचीही नोंद आहे. रोजनिशी पतीची असल्यामुळें पत्नी तींत क्वचित् दिसते. परंतु पतीस मुतखड्याचा विकार होता, हें त्याच वहीवरून कळतें. तेव्हां घरांतील किती भार मार्गारेटबाईंवर व मोठ्या मुलांवर पडला असेल, ह्याचा वाचकांनींच विचार करावा. जी वही जिच्याविषयीं बोलत नाहीं, तिच्या ओळींच्या मधून तिला शोधावें लागतें.

सुदैवानें दुसरी साक्ष आहे. त्याच तांड्यांतील रीड कुटुंबाची मुलगी व्हर्जिनिया, वय वर्षें तेरा, आपल्या आई व भावंडांसह ब्रीन ह्यांच्या खोपटांत आश्रयास आली होती. हें कुटुंब प्रॉटेस्टंट होतें. खाण्यास बैलांचीं कातडीं उकळून केलेली खळ होती. ती व्हर्जिनियाला पोटांत ठरेना. हें मार्गारेटबाईंच्या ध्यानांत आलें आणि त्या आपल्या सांठ्यांतील मांसाचा लहानसा तुकडा अधून मधून हळूच तिच्या हातीं देऊं लागल्या. सात मुलांच्या आईनें दुसरीच्या मुलीस दिलेला तो घांस होता. व्हर्जिनियेनें १८९१ सालीं, म्हातारपणाच्या उंबरठ्यावर, ही गोष्ट कृतज्ञतापूर्वक छापून प्रसिद्ध केली. रात्रीं पॅट्रिक प्रार्थना वाचीत, तेव्हां ती मुलगी पाइन झाडाच्या चिरफळ्या पेटवून त्यांना उजेड धरीत असे. त्या प्रार्थना ऐकतां ऐकतां तिनें नवस केला कीं, आपण जिवंत बाहेर पडलों तर कॅथोलिक होऊं. तिनें तो नवस फेडला. पुढें १८५० सालीं तिचा विवाह झाला तो जॉन मर्फी ह्यांच्याशीं, म्हणजे ज्यांच्या तांड्यानें तें खोपट बांधिलें होतें त्याच मर्फी कुटुंबांत.

उपाशी तळ

फेब्रुवारी १८४७ मध्यें कॅलिफोर्नियाहून पहिली मदत आली. तिच्याबरोबर मार्गारेटबाईंनीं एडवर्ड व सायमन ह्या दोघांना पुढें पाठविलें. मार्चच्या आरंभीं जेम्स रीड ह्यांची दुसरी तुकडी आली, तिच्याबरोबर ब्रीन कुटुंबांतील उरलेलीं सात माणसें निघालीं. खिंड ओलांडतांच भयंकर वादळ झालें. अन्न संपलें. वादळ ओसरल्यावर ज्यांच्यांत चालण्याची शक्ति होती ते पुढें गेले, आणि चौदा माणसें बर्फांतच मागें राहिलीं : ब्रीन कुटुंबाचीं सात, ग्रेव्हजबाई व त्यांचीं चार मुलें, आणि डॉनर कुटुंबांतील दोन मुलें. ह्या जागेस पुढें उपाशी तळ असें नांव पडलें.

लांकडें पेटवून केलेल्या आगीनें बर्फ वितळूं लागलें व आग खालीं खालीं जाऊं लागली. शेवटीं एक खोल खड्डा होऊन तळाशीं जमीन लागली. सर्वजण त्या खड्ड्यांत उतरून आगीभोंवतीं बसले. ग्रेव्हजबाई व पांच पांच वर्षांचे दोन मुलगे मरण पावले. मार्गारेटबाईंपाशीं थोडी साखर व थोडा चहा होता. एका मुलाचे दांत बसले, तो गेलाच असें वाटलें. आईनें जबडा उघडून साखरेचा खडा तोंडांत घातला आणि त्यानें डोळे उघडले. पोटच्या मुलांबरोबर आईवेगळीं झालेलीं मुलेंही तिच्याच भोंवतीं होतीं. तान्ही इझाबेला तिच्या छातीशीं होती.

मृतांच्या देहांवर तेथें जगावें लागलें, अशी नोंद तेथें पोंचलेल्या लोकांच्या साक्षीवरून झाली आहे. ह्या एका गोष्टीमुळें वर्तमानपत्रांनीं त्या दुर्दैवी लोकांच्या नांवाचा बाजार मांडला, आणि त्यांच्या मुलानातवंडांना आयुष्यभर लोकांच्या नजरा सोसाव्या लागल्या. धर्मगुरु ह्या नात्यानें मी इतकेंच म्हणेन कीं, प्राण वांचविण्याच्या परमावधीच्या निकडींत, ज्याचा जीव आधींच गेला आहे अशा देहाचा आधार घेणें हें पाप नव्हे, असें आपले नीतिशास्त्रकार सामान्यतः मानीत आले आहेत. जो भरल्या पोटीं बसला आहे त्यानें त्या खड्ड्यांतील मातेचा न्याय करूं नये.

सुमारें १२ मार्चला तिसरी तुकडी आली. अकरा जीव जिवंत होते. त्या तुकडींतील दोघांनीं एकेक मूल उचललें. उरलेल्या नऊ जणांना घेऊन निघाला तो जॉन स्टार्क नांवाचा धिप्पाड मनुष्य. बाकीचे म्हणत होते कीं ह्यांना आतां सोडावें. त्यानें ऐकलें नाहीं. दोन मुलांना थोडें पुढें नेऊन ठेवावें, परत येऊन दुसऱ्या दोघांना आणावें, असें करीत त्यानें सर्वांना बर्फाबाहेर काढिलें. त्या वेळीं पांच वर्षांचा असलेला जेम्स ब्रीन मोठेपणीं न्यायाधीश झाला व त्यानें स्टार्कच्या ह्या उपकाराची लेखी साक्ष दिली.

तांड्यांतील जवळजवळ निम्मीं माणसें मेलीं. परंतु ब्रीन कुटुंबांतील आईबाप व सातही मुलें जगलीं.

सान हुआन बाउतिस्ता

सुटकेनंतर ह्या कुटुंबास मर्फी मंडळींनीं आपल्या शेतावर आधार दिला. १८४८ च्या आरंभीं तीं सर्व सान हुआन बाउतिस्ता, म्हणजे पवित्र योहान बाप्तिस्ता ह्याच्या नांवाच्या गांवीं आलीं. तेथें फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनीं १७९७ सालीं स्थापिलेलें मिशन व त्याचें मोठें ख्रिस्तमंदिर आहे. जनरल होसे कास्त्रो ह्यांनीं आपल्या कच्च्या विटांच्या घरांत ह्या निर्धनांना राहूं दिलें. त्याच वर्षीं सोन्याचा शोध लागला. सोळा वर्षांचा जॉन खाणींकडे गेला व पुष्कळ सोनें घेऊन परतला. त्या पैशांनीं तेंच घर व शेतजमीन ब्रीन कुटुंबानें विकत घेतली. येणाऱ्याजाणाऱ्या वाटसरूंना तेथें जेवणखाण व मुक्काम मिळूं लागला. उपाशी तळांतून आलेल्या मातेच्या घरीं परक्यांना अन्न मिळावें, ह्याहून मोठें उपकारस्तोत्र कोणतें?

कॅलिफोर्नियांत त्यांना विल्यम नांवाचा आणखी एक मुलगा झाला. पॅट्रिक ब्रीन १८६८ सालीं व मार्गारेटबाई १८७४ सालीं वारल्या. घर १९३३ पर्यंत वंशजांकडे होतें. त्यानंतर तें राज्याच्या ऐतिहासिक उद्यानांत सामील झालें व कास्त्रो-ब्रीन घर ह्या नांवानें तें आजही उभें आहे. सरोवराकांठीं जेथें तें खोपट होतें, त्या जागीं १९१८ सालीं प्रवासी कुटुंबाचें स्मारक उभारलें गेलें. त्याचा चौथरा बावीस फूट उंच आहे, कारण त्या हिंवाळ्यांत बर्फ तितकें चढलें असें मानण्यांत येत होतें. आणि आईच्या छातीशीं बिलगून जगलेली इझाबेला? ती १९३५ पर्यंत जगली. साऱ्या तांड्यांत सर्वांत शेवटीं मरण पावलेली तीच.

आपणांसाठीं

हा सर्व वृत्तांत कोठून मिळाला, तें आतां एकत्र पाहूं. पतीची रोजनिशी त्याच दिवसांत लिहिलेली. एलायझा फार्नम ह्या लेखिकेनें १८५६ सालीं छापलेल्या पुस्तकांत मार्गारेटबाईंच्या तोंडून ऐकलेली हकीकत. जॉनच्या १८७७ मधील आठवणी. सी. एफ. मॅक्ग्लॅशन ह्यांनीं वांचलेल्यांशीं पत्रव्यवहार करून १८७९ सालीं लिहिलेला इतिहास. आणि ह्या सर्वांच्या मुळाशीं बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या वह्या. कोणी मित्रभावानें बोलतो, कोणी रागानें. कोणी त्याच रात्रीं लिहितो, कोणी तीस वर्षांनीं. सर्वांची साक्ष ताडून पाहावी, तेव्हां एक माणूस उभें राहतें.

ब्रीन घराण्यांत लिहिणारे होते म्हणून ती माता आपणांस कळली. आपल्या धर्मग्रामांतही समुद्र, सांथ, दुष्काळ व वैधव्य ह्यांतून मुलें तारून नेणाऱ्या माता होऊन गेल्या. त्यांच्या हकीकती कोणीं लिहिल्या आहेत? वाळवीनें खाल्लेलें पान मी परत आणूं शकत नाहीं. परंतु जीं पानें उरलीं आहेत तीं नव्या वहींत उतरवून घेण्याचें काम आम्हीं सुरू केलें आहे. आपणांस माझी इतकीच विनंति आहे कीं, ह्या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक घरीं एका संध्याकाळीं जपमाळेची प्रार्थना झाल्यावर वडील माणसांना जवळ बसवावें आणि आजीचें, पणजीचें नांव, तिचें माहेरचें आडनांव व गांव, आणि तिनें काय सोसलें, तें एका कागदावर लिहून मजकडे आणून द्यावें. दोष असतील तेही लिहावे. तो वृद्ध गृहस्थ मागील रविवारीं पुन्हां आला होता. त्याच्या एका दूरच्या मावशीस आजीचें माहेरचें आडनांव आठवलें. मीं तें नव्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलें आहे.

आपला धर्मगुरु